कुणी विचारलंच नाही

मध्यंतरी भाची राहायला आली होती. रात्री पाणी प्यायला उठले, तर तिच्या खोलीतून कुणीतरी हळू आवाजात बोलत असल्याचं ऐकू आलं. डोकावले. फोन उशीला टेकवलेला, त्याचा निळसर उजेड तिच्या गालावर, आणि ती गाढ झोपलेली. फोनमधली बाई एका खुन्याची गोष्ट सांगत होती. लहान मुलाला थोपटून निजवताना लागतो तसा तिचा आवाज. त्याने दार कसं उघडलं, दोरी कुठून आणली, गाठ कशी मारली, शेजारच्या घरापर्यंत आवाज का पोचला नाही, हे सगळं ती न अडखळता सांगत गेली. मग त्याच लयीत पाठीला आराम देणाऱ्या गादीची जाहिरात वाचली आणि पुन्हा त्या खोलीत, त्या दोरीपाशी परतली. स्वरात तसूभरही फरक नाही. फोन बंद करायला मी हात पुढे केला होता, पण तो भाग संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. गार फरशीवर पाय आखडले तरी हलले नाही. पुढे त्या माणसाच्या बालपणाचं काहीतरी येणार होतं आणि मला ते ऐकायचं होतं.

मारल्या गेलेल्या बाईबद्दल त्या भागात दोन वाक्यं होती. तिचं वय, आणि ती कुठे कामाला होती ते.

दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. "मावशी, मला शांत झोप लागते त्याने," भाची म्हणाली. "शेवटी तो पकडला जातो ना." मग जरा वेळाने, केस विंचरता विंचरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तो पहिल्यांदा काय बोलला, जवळ कसा आला, ते मी लक्षात ठेवते." ती रात्री उशिरा सुटते, एकटी घरी जाते. तिच्या वयाच्या कितीतरी मुली हेच ऐकत असतात आणि लोक त्यावर नाकं मुरडतात. मला त्या नाकं मुरडणाऱ्यांचा राग येतो. इलिनॉय विद्यापीठातल्या अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अशा खऱ्या खुनांच्या पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त ओढल्या जातात, आणि त्यातही ज्यात बळी पडणारी निसटली कशी हे येतं किंवा खुन्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे येतं, अशी पुस्तकं त्या आधी उचलतात. भाचीने जे एका वाक्यात सांगितलं तेच. भीती पोटात घेऊन रस्त्याने चालणारी मुलगी त्या भीतीचा अभ्यास करत असेल, तर त्यात विकृत काय आहे?

माझं कुतूहल मात्र तिच्यासारखं नाही. निसटायचं कसं हे शिकायला मी दारात उभी नव्हते. मला त्या माणसाच्या आत बघायचं होतं. तो आपल्यासारखाच जेवतो, झोपतो, बसची वाट बघतो, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर सह्या करतो; मग फरक नेमका कुठे सुरू होतो? ते ठिकाण एकदा सापडलं की आपण त्याच्या अलीकडेच उभे आहोत, आपल्या घरातलं, नात्यातलं प्रत्येक माणूस अलीकडेच आहे, याची खात्री करून घेता येईल, अशी काहीतरी आशा त्यामागे असावी. या आशेपोटी मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे.

वाचायला भरपूर आहे. हर्वी क्लेकली नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1941 मध्ये अशा माणसांचं चित्र रेखाटलं, जी वरून अगदी शहाणी, गोड बोलणारी असतात आणि आत भावनांच्या जागी काहीच नसतं. पुढे कॅनडात रॉबर्ट हेअर यांनी त्यावरून वीस मुद्द्यांची तपासणी-यादी तयार केली. प्रत्येक मुद्द्याला जास्तीत जास्त दोन गुण, एकूण चाळीस, आणि तीस किंवा त्याहून जास्त भरले की तो सायकोपॅथ. 1963 मध्ये मॅकडोनल्ड या मनोविकारतज्ज्ञाने तीन लक्षणं मांडली: पाच वर्षांच्या पुढेही अंथरुणात लघवी होणं, आगी लावणं, प्राण्यांचे हाल करणं. ही तिन्ही लक्षणं आजही प्रत्येक मालिकेत, प्रत्येक चर्चेत येतात. नंतरच्या अभ्यासांत त्यांना फारसा आधार मिळाला नाही, हे कुणी सांगत नाही. अंथरूण ओलं करणाऱ्या एखाद्या पोराकडे कुणी त्या नजरेने बघितलं असेल का, या विचाराने मला कसंतरीच होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून एफबीआयच्या माणसांनी तुरुंगात जाऊन 36 खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून 'योजनाबद्ध' आणि 'विस्कळीत' अशी खुन्यांची विभागणी आली आणि साऱ्या जगाने ती उचलली. डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये शंभर खुन्यांच्या शंभर गुन्ह्यांवर ती ताडून पाहिली, तर असे दोन वेगळे गट काही सापडेनात. गोष्ट म्हणून विभागणी छान होती. म्हणूनच टिकली.

आणि ज्यांच्या मनाचा एवढा गाजावाजा, ती मनं जवळून पाहिली तर काय हाती लागतं? सत्तरच्या दशकात अमेरिकेत कितीतरी मुलींचे खून करणारा टेड बंडी. देखणा, हुशार, कायद्याचा विद्यार्थी, अशी त्याची ख्याती. 1979 मध्ये फ्लोरिडात त्याला मृत्युदंड सुनावणारे न्यायाधीशसुद्धा म्हणाले, की तू चांगला वकील झाला असतास, माझा तुझ्यावर राग नाही, स्वतःची काळजी घे. दोन मुलींना झोपेत ठार मारल्याबद्दल शिक्षा सुनावताना हे शब्द. प्रत्यक्षात कायद्याच्या अभ्यासात त्याने कसलाही प्रकाश पाडला नव्हता. तीनदा पकडला गेला, तिन्ही वेळा रस्त्यावरच्या गस्तीच्या पोलिसांनी गाडी अडवली म्हणून. शेवटच्या वेळी तर गाडी चोरीची होती. बुद्धीचं तेज आपण त्याला दिलं. एवढ्या मुली बळी पडल्या म्हणजे समोरचा तेवढाच असामान्य असणार, असा हिशेब आपल्याला बरा वाटतो. सामान्य वकुबाच्या माणसाने हे केलं, हे सोसत नाही.

डेनिस रेडरची गोष्ट याहून कोरडी. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात आणि आसपास 1974 ते 1991 या काळात त्याने दहा जणांना मारलं. बायको, दोन मुलं, चर्चच्या कार्यकारिणीचा अध्यक्ष. स्वतःचं टोपणनाव त्याने स्वतःच ठेवलं आणि ते पत्रांतून कळवत राहिला. 1978 मध्ये एका टीव्ही वाहिनीला लिहिलेल्या पत्रात त्याने विचारलं होतं, की पेपरात नाव यायला, देशभर दखल घेतली जायला आणखी किती माणसं मारावी लागतील? पुढे कित्येक वर्षं शांतता. मग 2004 मध्ये पुन्हा पत्रं सुरू झाली. फ्लॉपी पाठवली तर माझा माग लागेल का, खरं सांगा, असं त्याने पोलिसांनाच विचारलं. पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून कळवलं, काही हरकत नाही. त्याने पाठवली. फ्लॉपीत पुसलेल्या फाइलचे अवशेष होते, त्यात चर्चचं नाव आणि 'डेनिस'. फेब्रुवारी 2005 मध्ये तो पकडला गेला. न्यायालयात त्याने एकेक खून सपाट, कंटाळवाण्या सुरात, कामाचा अहवाल दिल्यासारखा सांगितला. मारलेल्या माणसांना तो 'प्रोजेक्ट' म्हणत असे. ते चित्रण मी पाहिलं आहे. अथांग काहीतरी दिसेल म्हणून बसले होते. दिसला तो लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून आसुसलेला एक क्षुद्र माणूस. त्याला जे हवं होतं ते आपण अजूनही त्याला देतोच आहोत, हे तेव्हा फार जाणवलं. हा लेख लिहितानाही जाणवतंय, आणि तरी त्याचं नाव लिहावं लागतंय.

निठारीच्या वेळची रात्र मला आठवते. 2006 चा डिसेंबर संपत आला होता. नोएडातल्या एका बंगल्यामागच्या नाल्यातून लहान मुलांची हाडं निघत होती आणि पडद्यावर एकामागून एक तज्ज्ञ येऊन एका 'नरपिशाच्चा'चं मन उलगडून दाखवत होते. पुढे नार्को चाचणीतलं जडावलेल्या जिभेचं ते बोलणंही घराघरांत ऐकलं गेलं. आम्ही सगळे बघत होतो. जेवणं तशीच राहिली, पण टीव्ही बंद झाला नाही. या प्रकरणात बंगल्याचा मालक आणि त्याचा नोकर अशा दोघांना फाशीची शिक्षा झाली, आणि 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने मालकाला निर्दोष सोडलं, नोकरालाही एक खटला सोडून बाकी सगळ्यांत निर्दोष ठरवलं; उरलेल्या त्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये त्याला निर्दोष सोडलं. तपासावर न्यायालयाने जे ताशेरे ओढले ते वाचताना मान खाली जाते. म्हणजे ज्या मनाचं विच्छेदन आपण रात्र रात्र बघितलं, ते खुन्याचं मन आहे हेच सिद्ध झालं नाही. मुलं मात्र खरोखरच गेली होती. त्यांचे आईबाप दोन वर्षं पोलीस चौकीचे खेटे घालत होते आणि मुलगी पळून गेली असेल, येईल परत, अशी उत्तरं घेऊन परतत होते. मजुरी करणाऱ्यांची, घरकाम करणाऱ्यांची मुलं. त्या चौकीत बसलेल्यांचं मानसशास्त्र उलगडायला कुठल्याही वाहिनीने तज्ज्ञ बोलावला नाही.

तेव्हापासून माझी नजर हळूहळू दुसरीकडे वळत गेली.

जॅक द रिपर घ्या. 1888 चं लंडन, व्हाइटचॅपल भाग, खून झालेल्या पाच स्त्रिया. ते नावसुद्धा एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातून मिळालेलं, आणि ते पत्र एखाद्या पत्रकारानेच लिहिलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. तो कोण होता हे आजतागायत कळलेलं नाही. मनच नाही, चेहरा नाही, नाव नाही. तरी त्याच्यावर ग्रंथालयं भरतील एवढं लिहिलं गेलं. पूर्व लंडनमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, 2015 मध्ये उघडलेलं. परवानगी मागताना ते त्या भागातल्या स्त्रियांच्या इतिहासाचं संग्रहालय होणार असं सांगितलं होतं. उघडलं तेव्हा पाटीवर रिपर होता.

त्या पाच स्त्रियांपैकी कॅथरीन एडोज ही चौथी. पोलिसांनी तिच्या अंगावरच्या आणि खिशांतल्या वस्तूंची यादी केली होती, ती उपलब्ध आहे. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा घाईघाईने वाचली, मग पुन्हा सावकाश. पत्र्याच्या एका डबीत चहा. दुसऱ्या डबीत साखर. साबणाचे सहा तुकडे. बारीक दातांची फणी. पांढऱ्या मुठीची सुरी आणि चमचा. लाल फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचलेल्या सुया आणि टाचण्या. दोऱ्याचा गुंडा. चिंध्यांचे बारा तुकडे. मातीच्या दोन आखूड चिलमी. रिकामी काडेपेटी. चष्म्याचा एक भाग. एकच लाल हातमोजा. मोहरीच्या डब्यात गहाणवटीच्या दोन पावत्या. त्यातली एक तिच्या जोडीदाराच्या बुटांची. दोघं केंटमध्ये हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या, तोडणीला गेली होती, तिथून नुकतीच परतली होती, हातात काही उरलं नव्हतं, म्हणून बूट गहाण टाकले. ज्या बाईला घर नव्हतं तिचं सगळं घर तिच्या अंगावर होतं. चहा आणि साखर वेगवेगळ्या डब्यांत ठेवण्याइतका नीटनेटकेपणा होता तिच्यात. त्या रात्री दारूच्या नशेत रस्त्यात पडली म्हणून पोलिसांनी तिला कोठडीत ठेवलं होतं. एकच्या सुमारास सोडलं. पाऊण तासात मायटर चौकात तिचं प्रेत सापडलं. एवढ्या रात्री ही कुठे जाणार, याची नोंद ठेवायला यादीत रकाना नव्हता. या पाचही जणींवर 'वेश्या' असा शिक्का बसला तो सव्वाशे वर्षं पुसला गेला नाही. त्यातल्या तिघींच्या बाबतीत तसा पुरावाच नाही, असं एका ब्रिटिश इतिहासकार बाईंनी 2019 मध्ये मांडलं, तर रिपरचा ध्यास घेतलेल्या मंडळींनी त्यांनाच धारेवर धरलं. शिक्का खरा असता तरी काय फरक पडला असता, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

माझी आत्या 1968 मध्ये मुंबईत होती. रमण राघवच्या दिवसांबद्दल ती फार रंगवून सांगायची. संध्याकाळ झाली की दारंखिडक्या बंद, उकडून जीव जायची वेळ आली तरी कडी काढायची नाही, पुरुष मंडळी काठ्या घेऊन रात्रभर जागी. सांगताना तिचा आवाज नकळत खाली जायचा आणि आम्ही भावंडं एकमेकांना चिकटून बसायचो. त्या ऑगस्टमध्ये तो पकडला गेला, एक्केचाळीस खुनांची कबुली त्याने दिल्याचं सांगतात, डॉक्टरांनी तो वेडा असल्याचा निर्वाळा दिला, फाशी टळली, 1995 मध्ये तो आजारपणाने मेला. हे सगळं मला पाठ आहे. खूप उशिरा लक्षात आलं, की त्याने मारलेली माणसं फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारी होती. त्याची भीती कडी लावून झोपणाऱ्यांनी आठवणीत जपली. ज्यांना लावायला कडीच नव्हती, ते मेले. आत्याच्या गोष्टीत त्यांचं एकही नाव नव्हतं. तिला तरी कोण सांगणार?

अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत जास्त खून करणारा म्हणून एफबीआयने 2019 मध्ये ज्याचं नाव जाहीर केलं, तो सॅम्युएल लिटल. 1970 ते 2005 या काळात 93 स्त्रियांना मारल्याची कबुली त्याने दिली. जाहीर केलं तेव्हा त्यातल्या पन्नासांची खातरजमा झाली होती. बंडीचं नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या किती जणांनी याचं ऐकलं असेल? त्याने निवडलेल्या स्त्रिया बहुतेक कृष्णवर्णीय, गरीब, व्यसनात अडकलेल्या, घरापासून तुटलेल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या मृत्यूची नोंद अति अमली पदार्थांमुळे, अपघाताने किंवा कारण अस्पष्ट अशी झाली होती. यांची गणती कुणी ठेवत नाही, म्हणून आपण सापडणार नाही, असं त्याला वाटायचं, हे एफबीआयनेच सांगितलं. मला वाटतं, त्याच्या साऱ्या मानसशास्त्रातलं कामाचं वाक्य एवढंच. बाकी त्याची आई कशी होती, तो काय स्वप्नं बघायचा, याने माझी समजूत पुढे सरकत नाही. आणि त्याचा तो हिशेब कितीतरी वर्षं बरोबरच ठरला. तुरुंगात त्याने त्या स्त्रियांचे चेहरे आठवून रंगीत चित्रं काढली आणि एफबीआयने ती लोकांपुढे ठेवली, हिला कुणी ओळखतं का म्हणून. ठळक ओठ, मोठे डोळे, सत्तरच्या दशकातली केशरचना. काहींचं दुसरं चित्र या जगात कुठे असेलच असं नाही. त्या चित्रांकडे बघताना मला घृणाही येते आणि नजरही काढवत नाही, कारण हात त्याचा असला तरी चेहरा तिचा आहे.

शेवटचं हॅरल्ड शिपमनबद्दल, कारण खुन्याचं मन कळल्याशिवाय काही करता येत नाही या समजुतीला त्याच्या प्रकरणाने माझ्यापुरता तडा गेला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला हा डॉक्टर. लोकप्रिय, घरी येऊन तपासणारा. 2000 मध्ये पंधरा खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली, आणि नंतरच्या सरकारी चौकशीने 215 जणांना त्यानेच मारल्याचा निष्कर्ष काढला. आणखी 45 मृत्यूंबद्दल दाट संशय. बहुतेक वयस्कर बायका. डायमॉर्फिन या जहाल वेदनाशामकाचं इंजेक्शन, दुपारची वेळ, आणि बाई आपल्या खुर्चीत, रोजच्या कपड्यांत, बसल्या बसल्या गेलेली. मृत्यूच्या दाखल्यावर सही त्याचीच. त्याने कधीही कबुली दिली नाही. का केलं, सांगितलं नाही. 2004 मध्ये तुरुंगात गळफास घेऊन मेला. त्याच्यावर फारशा मालिका निघत नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या दुपारच्या मरणात कुणाला थरार वाटत नसावा. पण गावात काही जणांना वेळेत खटकलं होतं. आपल्या नेहमीच्या, धडधाकट म्हाताऱ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणी गेल्या आणि सगळ्यांचा डॉक्टर एकच, हे एका टॅक्सीवाल्याच्या लक्षात आलं. त्याने नावांची यादी ठेवायला सुरुवात केली. अंत्यविधीचं काम करणाऱ्या घरातल्या माणसांना त्या खुर्च्या खटकल्या. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टर लिंडा रेनल्ड्स यांनी मार्च 1998 मध्ये कोरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, रीतसर शंका नोंदवली. पोलिसांनी वरवर तपास करून तो बंद केला आणि त्यानंतर आणखी तीन बायका गेल्या.

त्याच्या मनात काय होतं हे चौकशी करणाऱ्या न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांनाही नक्की सांगता आलं नाही. त्यांनी दुसरं काम केलं. शेकडो मृत्यू एकेक करून तपासले, प्रत्येकाचा निर्णय वेगळा लिहिला: ही बाई कोण, त्या दिवशी काय करत होती, शेवटचं कुणाशी बोलली, डॉक्टर किती वाजता आला. आणि एका डॉक्टरच्या सहीवर माणूस असा संपता कामा नये, अशी शिफारस केली. 9 सप्टेंबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कोरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू आता उपचार न केलेल्या दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टरच्या नजरेखालून जातो. तो कागदपत्रं बघतो, आणि मृताच्या घरच्यांना या मृत्यूबद्दल काही विचारायचं आहे का, काही खटकतंय का, हे सांगायची संधी मिळते. त्या टॅक्सीवाल्याकडे यादी होती; हा प्रश्न घेऊन तेव्हा त्याच्याकडे कुणी आलं नव्हतं.